नव्वद मीटरचं अंतर

(दृश्य: काचेमागची मूर्ती. कॅमेरा हळूहळू चेहऱ्याजवळ.)

दोन्ही हात पसरलेले. तोंड उघडं. पाय नाहीतच. पाटीसारखी चपटी, उंची जेमतेम ३२ सेंटिमीटर. भाजलेल्या मातीची ही मूर्ती आज एकसंध दिसते, पण मिळाली तेव्हा तिचे तुकडे होते. डोकं एकीकडे आणि धड तिथून सुमारे ९० मीटरवर. सावकाश चालत गेलं तर मिनिटभराचं अंतर.

(दृश्य: मोकळं पठार, गवताची छपरं.)

हे सान्नाई-मारुयामा. जपानच्या होन्शू बेटाच्या उत्तर टोकाला, आओमोरी शहरात. सुमारे ५९०० वर्षांपूर्वी इथे माणसं राहायला आली आणि जवळजवळ १७०० वर्षं हे गाव नांदतं राहिलं. काळ जोमोन. जोमोन म्हणजे दोरीची नक्षी; ओल्या मडक्यावर दोरी फिरवून उमटवलेल्या ठशांवरून हे नाव पडलं. भातशेती जपानात यायला अजून फार अवकाश होता. तरीही ही माणसं भटकी नव्हती. समुद्रातले मासे होते, रानातले ससे होते, अक्रोड होते आणि मुख्य म्हणजे चेस्टनट. इथे सापडलेल्या चेस्टनटच्या डीएनएमध्ये रानातल्या झाडांइतकं वैविध्य नाही. म्हणजे गावाभोवतीची झाडं त्यांनी निवडून, जपून वाढवली होती.

१९९२ मध्ये इथे बेसबॉलचं स्टेडियम होणार होतं, म्हणून आधी उत्खनन सुरू झालं. १९९४ मध्ये सहा प्रचंड खड्डे उघडे पडले. प्रत्येक खड्डा दोन मीटर रुंद, दोन खड्ड्यांमधलं अंतर दरवेळी ४.२ मीटर, आणि तळाशी चेस्टनटच्या मीटरभर जाडीच्या खांबांचे बुंधे. कुजू नयेत म्हणून ते जाळून काळे केलेले! बांधकाम सुरू झालेलं स्टेडियम थांबवलं गेलं. आज त्या सहा खांबांची प्रतिकृती इथे उभी आहे. मूळ बांधकामाला छप्पर होतं की नाही, यावर अभ्यासकांचं एकमत झालं नाही. म्हणून प्रतिकृतीवरही छप्पर घातलेलं नाही. हा प्रामाणिकपणा मला फार भावला.

(दृश्य: उंचवट्याचा छेद. मातीचे थर, त्यात खापरांची दाटी.)

पण मी आले ते या उंचवट्यांसाठी. मडकी, दगडी हत्यारं, माती, पुन्हा मडकी. सुमारे हजार वर्षं लोक इथे थरावर थर टाकत राहिले. याला उकिरडा म्हणायला माझी जीभ धजत नाही, कारण याच थरांत दूरच्या इतोइगावाहून आणलेल्या हिरव्या जेडचे मणी निघाले आणि मातीच्या मूर्तीही. जपानीत या मूर्तींना दोगू म्हणतात. या एका गावात दोन हजारांहून जास्त दोगू मिळाले. एवढे जपानमध्ये दुसरीकडे कुठेच नाहीत. आणि जवळपास सगळे तुटलेले.

मुद्दाम तोडले असतील का? आजारपण, बाळंतपण, सुगी, अशी कारणं सुचवली जातात. मला राहून राहून आठवतात ती घरांजवळ पुरलेली मडकी. मोठी माणसं गेली, की त्यांना गावाबाहेर जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही कडांना पुरत. लहान मुलं मात्र मडक्यात ठेवून घरांजवळच. काही मडक्यांत मुठीएवढे गोल दगडही मिळाले. एवढी मुलं गमावणाऱ्या गावात मूर्ती घडवणारे हात काय मागत असतील, याचा विचार केल्याशिवाय मला या काचेसमोरून हलता येत नाही.

(दृश्य: संग्रहालयातली छोटी टोपली.)

शेजारच्या कपाटात झाडाच्या सालीची विणलेली एक टोपली आहे, तळहातावर मावेल एवढी. सापडली तेव्हा तिच्यात अक्रोडाचं अर्धं कवच होतं.

(दृश्य: पुन्हा मूर्ती. उघडं तोंड. आवाज नाही.)