नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

नमस्कार, श्रोतेहो.

राजवाड्याजवळच्या पानाच्या टपरीवर परवा उभा होतो. शेजारच्या गृहस्थांनी तळहातावर तंबाखू घेतली, डबीतला चुना बोटानं लावला आणि मळायला लागले. मला मात्र एका फुलझाडाची आठवण झाली. दक्षिण चीनमधल्या ग्वांगदोंग प्रांतात, चुनखडीच्या गुहांच्या तोंडाशी ते उगवतं. बुटकं, जमिनीलगत पानं पसरलेलं, जांभळट फुलांचं. हेन्री हान्स नावाचा एक इंग्रज तिकडे वकिलातीत नोकरी करायचा आणि उरलेल्या वेळात झाडं गोळा करायचा. त्यानं 1883 मध्ये या झाडाचं वर्णन छापलं आणि नाव ठेवलं प्रिम्युलिना टॅबॅकम. टॅबॅकम म्हणजे तंबाखूच! तंबाखू नावात आणि चुना पायाखाली.

झाडाच्या नावात आडनाव आधी येतं, स्वतःचं नाव मागून. प्रिम्युलिना हे आडनाव. या आडनावाचं झाड जगात सव्वाशे वर्षं एकटंच होतं. मग 2011 मध्ये शास्त्रज्ञांनी नात्यागोत्याची नव्यानं तपासणी केली, दुसऱ्या घराण्यात टाकलेली पुष्कळ भावंडं इकडे आणली, आणि आता या घरात दोनशेच्या वर जाती आहेत. बहुतेक सगळ्या दक्षिण चीन आणि उत्तर व्हिएतनामच्या चुनखडीच्या डोंगरांवरच्या. नवीन जातींची भर अजूनही पडतेच आहे.

चुनखडीवरच एवढी गर्दी का? तो डोंगर म्हणजे सपाट भातशेतीतून एकदम उभा राहिलेला सुळका. पाऊस पडला की पाणी भेगांमधून खाली निघून जातं, वर माती चिमूटभर. त्यात चुन्याचा मारा. अशा जमिनीत लोह असून झाडाला घेता येत नाही, पानं पिवळी पडतात. सगळ्यांना हे मानवत नाही. ज्यांना मानवतं, ती तिथलीच होऊन जातात. त्यांचं बी धुळीच्या कणाएवढं, ते फार लांब जात नाही. मध्ये शेत, पलीकडे दुसरा सुळका, आणि तिथे राहणारी बहीण हजारो वर्षांत वेगळीच दिसायला लागलेली. समुद्रातली बेटं असतात ना, तसंच. फक्त इथे पाण्याच्या जागी भात.

आपल्या इंदूरला काळी माती आणि काळा पाषाण. पण धारवरून पुढे बागपर्यंत गेलात, साधारण दीडशे किलोमीटर, तर तिथे चुनखडी आहे. लोक लेणी पाहून परततात. ती लेणी वालुकाश्मातली. चुनखडी मात्र त्याच परिसरात, आणि तिच्यात शंखशिंपले, शार्कचे दात सापडतात. सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वी नर्मदेच्या खोऱ्यातून समुद्र इथवर आत आला होता.

विद्यार्थी असताना मी तिथे गेलो होतो. एका खडकाच्या फटीत वीतभर उंचीचं, लालसर पानांचं झाड दिसलं. असं मी कधी पाहिलं नव्हतं. फूल नव्हतं, पण उत्साह दांडगा. घरी आणून वर्तमानपत्रात दाबलं, वर पाटा ठेवला आणि मनातल्या मनात त्याला स्वतःचं नाव देऊनही मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी आईनं पाटा काढला, कागद उलगडला आणि म्हणाली, "अरे, कुर्डूला इस्त्री कशाला करतोयस?"

कुर्डूच होतं ते. ज्याची पावसाळ्यात भाजी करतात ते. खडकात खुरटलेलं, तुरा यायचा होता म्हणून मला ओळखू आलं नाही. आमच्या सरांनी ऐकल्यावर एवढंच विचारलं, "फूल कुठंय?"

त्या प्रश्नातच सगळं आलं. पानं परिस्थितीप्रमाणे सोंगं घेतात; फूल सहसा घेत नाही. म्हणून नव्या जातीचं वर्णन लिहिणारा माणूस फूल फाडून बसतो. सूक्ष्मदर्शकाखाली, दाढीच्या पात्यानं, उभा छेद. नळी किती मिलिमीटर? आत पुंकेसर किती? प्रिम्युलिनात पाकळ्या पाच दिसतात, पण परागकण देणारे पुंकेसर बहुधा दोनच. त्यांच्या दांड्यावर केस आहेत का? असले तर साधे, की टोकाला चिकट गाठ असलेले? बीजकोशावर? एकेका केसावरून दोन बहिणी वेगळ्या ठरतात. हे सांगताना मलाच हसू येतं, पण खरं आहे.

मग देशोदेशीच्या संग्रहांतले जुने वाळवलेले नमुने काढून ताडून पाहायचं. डोंगरावर झाड सापडणं हे निम्मं काम. हे आजवर कुणी पाहून नाव दिलेलं नाही, हे दाखवणं उरलेलं निम्मं, आणि मला विचाराल तर जास्त कष्टाचं. 1753 पासूनची नावं धरायची असतात. शेवटी एक नमुना प्रमाण म्हणून संग्रहात कायमचा ठेवायचा. 1935 पासून वर्णन लॅटिनमध्ये लागायचं. 2012 पासून इंग्रजीही चालतं. आमच्या पिढीतल्या कित्येकांनी त्या लॅटिनपायी रात्री जागवल्या.

नाव ठेवणं एवढं अवघड, आणि नावं ठेवणं किती सोपं! तरी मलेशियात काही संशोधकांनी 2014 मध्ये दोन्ही एकदम साधलं असं मला वाटतं. चुनखडीच्या एका डोंगरावर त्यांना नवी गोगलगाय सापडली. तो डोंगर सिमेंटसाठी फोडला जात होता, आणि त्यांनी गोगलगायीला त्या सिमेंट कंपनीचंच नाव दिलं. कंपनीला सन्मान म्हणावं की टोमणा, ते तुम्ही ठरवा.

सिमेंट चुनखडीचंच होतं, हे वेगळं सांगायला नको. आपण बसलोय त्या घराच्या भिंतीतही कुठला तरी डोंगर आहेच.

अशी वर्णनं वाचताना मी शेवटचा परिच्छेद आधी वाचतो. तिथे पुष्कळदा एक छोटं वाक्य असतं: फळ पाहिलेलं नाही. म्हणजे फुलाच्या मोसमात कुणीतरी सुळक्यावर चढलं, झाड मिळालं, नाव ठरलं. फळ धरेल तेव्हा पुन्हा त्याच सुळक्यावर चढावं लागणार. तो सुळका तोवर जागेवर असला, तर.

नमस्कार.