एअर काढायची आहे

[दृश्य: उघडं बॉनेट. टाकीत इंजिन गार ठेवणारं गुलाबी कूलंट. एक बुडबुडा वर येतो, फुटतो.]

निवेदन:
आला एक. आत अजून किती बसलेत, ते वरून दिसत नाही. म्हणून गॅरेजचे मिस्त्री, मामा, टाकीवरून नजर काढत नाहीत.

[दृश्य: नाशिकच्या द्वारका चौकाजवळचं गॅरेज. पत्र्याचं छत, दुपारचं ऊन. चांदीच्या रंगाची प्रियस.]

टोयोटाची तिसऱ्या पिढीची प्रियस, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्हींवर चालणारी हायब्रिड. भारतात ही गाडी २०१० पासून विकली गेली. नाशिकच्या रस्त्यावर आजही एखादीच दिसते. या गाडीला पुढून किरकोळ धक्का बसला आणि कूलंट गार करणारा रेडिएटर गेला. मालकाने तीन गॅरेजं फिरून पाहिली. सगळीकडे एकच उत्तर मिळालं : ‘हायब्रिड आहे, आम्ही हात लावत नाही.’ मग ती इथे आली.

नवा रेडिएटर आम्ही पोचण्याआधीच बसला होता. खरं काम त्यानंतर सुरू झालं : कूलंटच्या वाटांत शिरलेली एअर, म्हणजे हवा, बाहेर काढायचं.

[दृश्य: नारिंगी केबल. मामांच्या हातात रबरी हातमोजे. खिशातून डोकावणारा नारिंगी प्लग.]

खिशातली ती वस्तू म्हणजे सर्व्हिस प्लग. मागच्या बॅटरीशी असलेली जोडणी तोडायची, आणि प्लग टेबलावर ठेवायचा नाही, स्वतःच्या खिशात ठेवायचा, म्हणजे चुकून कुणी परत लावणार नाही. त्यानंतर १० मिनिटं थांबायचं, कारण बॅटरी सुटली तरी इन्व्हर्टरमधल्या, म्हणजे बॅटरीची वीज मोटरांना पुरवणाऱ्या डब्यातल्या, कपॅसिटरांत साठलेली वीज उरलेली असते. बॅटरी २०१.६ व्होल्टची. इन्व्हर्टर ती ६५० व्होल्टपर्यंत चढवतो. मामांचं शिक्षण किती, हे आम्ही विचारलं नाही. ती १० मिनिटं मात्र त्यांनी घड्याळ लावून मोजली.

[मूळ आवाज – भाचा: ‘मामा, आता लावू का प्लग?’ मामा: ‘आधी नळ्या बघ. एकही क्लिप ढिली नको.’]

निवेदन:
साध्या गाडीत कूलंटचा एकच फेरा असतो. इथे दोन आहेत. एक इंजिनाचा. दुसरा इन्व्हर्टर आणि मोटरांचा. त्याची टाकी वेगळी, पंप वेगळा. रेडिएटर बदलताना दोन्ही फेरे उघडले, म्हणजे एअर दोन्हीकडे शिरली.

जुन्या मिस्त्रींची एअर काढायची पद्धत सोपी असते. झाकण उघडं ठेवायचं, गाडी चालू करायची, रेस द्यायची. पंप इंजिनाने फिरणाऱ्या पट्ट्यावर असतो. इंजिन पळालं की पंप पळतो आणि बुडबुडा ढकलला जातो. या गाडीत पट्टाच नाही. इंजिनाचा वॉटर पंपसुद्धा विजेवर चालतो आणि तो किती फिरवायचा हे कॉम्प्युटर ठरवतो. रेस दिली म्हणून पंप तेवढा पळेलच असं नाही. त्यात हे इंजिन उभ्या गाडीत मनाला वाटेल तेव्हा बंद होतं. एअर काढायला बसलात आणि इंजिनच झोपलं, तर करायचं काय?

[दृश्य: कंप्रेसरची नळी. टाकीच्या तोंडावर बसवलेलं व्हॅक्यूमचं हत्यार. काटा खाली घसरतो.]

आधी व्हॅक्यूम. कंप्रेसरच्या हवेच्या झोतावर हे हत्यार आतली हवा ओढून घेतं. नळ्यांकडे बघा.

[दृश्य: जाड रबरी नळी हळूहळू चपटी होते. चार सेकंद शांतता.]

रसवंतीतून निघालेल्या उसासारखी पिळली गेली. काटा हलला नाही, म्हणजे गळती नाही. आता वॉल्व्ह उघडला की कूलंट आपोआप आत ओढलं जातं. तयार मिसळलेलं कूलंट, अर्धं ग्लायकॉल, अर्धं शुद्ध पाणी. बोअरचं पाणी ओतणारेही आहेत. त्याने आत क्षार चढतात आणि बारीक वाटा बुजतात. शिवाय नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर. उघड्या भांड्यात साधं पाणी इथे ९८ अंशांच्या आसपासच उकळतं.

[दृश्य: प्लग परत लागतो. गाडी ‘रेडी’. छोट्या टाकीचा क्लोज-अप, पृष्ठभागावर भोवरा.]

इन्व्हर्टरची टाकी. हा भोवरा महत्त्वाचा. पाणी फिरतंय म्हणजे पंप ढकलतोय आणि वाट मोकळी आहे. पाणी निपचित असतं, तर एअर अडकली असावी किंवा पंप गेला असावा. भाचा टाकीवर डोळे लावून बसला. बुडबुडे आले, मग तुटक आले, मग थांबले.

[दृश्य: ड्रायव्हर सीट. भाच्याचा पाय. डॅशबोर्ड.]

आता इंजिन झोपू द्यायचं नाही, आणि त्यासाठी हा भाग. बटणाने फक्त इग्निशन चालू. गिअर पार्किंगमध्ये, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दोनदा. मग ब्रेक दाबून न्यूट्रल, परत दोनदा. परत पार्किंग, परत दोनदा. हे सगळं एका मिनिटाच्या आत. मग ब्रेकवर पाय ठेवून स्टार्ट.

[मूळ आवाज – भाचा: ‘नाही लागलं.’ मामा: ‘न्यूट्रलला एकदाच दाबलंस तू. बंद कर, परत.’]

[दृश्य: दुसरा प्रयत्न. पडद्यावर ‘मेंटेनन्स मोड’. इंजिनाचा सलग आवाज.]

लागलं. आता इंजिन स्वतःहून बंद होणार नाही. हे सहा दाब कंपनीच्या सर्व्हिस पुस्तकात छापलेले आहेत. रस्त्यावरच्या गॅरेजपर्यंत मात्र ते पुस्तक येत नाही. येतो कुणीतरी फॉरवर्ड केलेला अंधूक फोटो. मामांकडे तो फोटो आहे, प्रिंट काढून कंप्रेसरवर चिकटवलेला.

[दृश्य: चिकटवलेला कागद, त्यावर तेलाचे बोटांचे ठसे.]

मे महिन्याची दुपार, आणि गाडीत हीटर फुल. हीटरमधून कूलंट फिरल्याशिवाय तिथली एअर सुटत नाही. भाचा व्हेंटसमोर हात धरून बसलाय. गार वारा येतोय म्हणजे अजून एअर आहे. मामा खाली वाकून नळी दाबतात, सोडतात, दाबतात, सोडतात, गाईची धार काढावी तशा हाताने. एक्झॉस्टचा धूर परत इंजिनात जाण्याआधी गार करणारा ईजीआर कूलरही याच फेऱ्यात आहे. त्याच्या वळणांत दडलेला बुडबुडा असाच हलवून काढावा लागतो.

[मूळ आवाज – भाचा: ‘मामा, गरम आलं!’]

[दृश्य: स्कॅनरचा पडदा. आकडे ८४, ८६, ८८.]

या गाडीला तापमानाचा काटा नाही, फक्त लाल दिवा आहे. तो लागेपर्यंत उशीर झालेला असू शकतो, म्हणून गाडीच्या कॉम्प्युटरमधून कूलंटचं तापमान वाचणारा स्कॅनर. एअर राहिली तर इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, तापतं आणि त्याखालचं गॅस्केट जातं. इन्व्हर्टर तापला तर गाडी ताकद काढून घेते, आणि कसारा घाटात ते झालं तर पुढचं सांगायला नको.

[दृश्य: मुंबई महामार्ग. डावीकडे पांडवलेणीचा डोंगर. मामा गाडी चालवतायत, भाच्याच्या मांडीवर स्कॅनर.]

ट्रायल महामार्गावरच्या विल्होळी गावापर्यंत. ८८, ८९, ८८. दोघं फारसं बोलले नाहीत.

[दृश्य: दुसऱ्या दिवशीची सकाळ. शटर वर जातं. गार इंजिन. भाचा एकटाच झाकण उघडतो.]

रात्रीतून पातळी बोटभर उतरली होती. तेवढी एअर आत होती, ती निघाली. भाच्याने तेवढं कूलंट ओतलं, झाकण आवळलं आणि मामांना फोन लावला.

[मूळ आवाज – भाचा: ‘बोटभर घेतलं. हो. मालकांना सांगू ना, घेऊन जा म्हणून?’]