366 दिवस

(दृश्य : बर्कलीचा घंटांचा मनोरा, खालून वर)
कॅलिफोर्निया विद्यापीठ, बर्कली. मनोरा 307 फुटांचा, वर 61 घंटा. बारा वाजलेत.

(दृश्य : सेदर गेट, ये-जा करणारी मुलं)
या गर्दीत राज्यातलं कोण आणि बाहेरचं कोण, ओळखून दाखवा. वर्ग तोच, प्राध्यापक तेच, कॉफीची रांगही तीच. फरक फक्त बिलात. 2025 मध्ये पदवीला आलेल्या कॅलिफोर्नियाच्या मुलाला वर्षाची फी 14,934 डॉलर. बाहेरच्याला तेवढी तर आहेच, वर 37,602 डॉलरचा अधिभार. राहणं-खाणं वेगळं. या अधिभारात एका झटक्यात 3,402 डॉलरची वाढ झाली ती नोव्हेंबर 2024 मध्ये, रीजेंट्सच्या, म्हणजे नियामक मंडळाच्या बैठकीत.

(दृश्य : टेबलावर फाइल, चुरगळलेली पावती सपाट करणारा हात)
ही मुलगी शेजारच्या नेवाडा राज्याची. कॅलिफोर्नियाची रहिवासी ठरली, तर अधिभार सुटेल; त्यासाठी ही फाइल. घर डोंगरापलीकडे, गाडीने चार तास. फाइलमध्ये भाड्याच्या पावत्या, कॅलिफोर्नियाचं ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार नोंदणी, कराचे कागद. आपल्याकडे डोमिसाइलला 15 वर्षांचे पुरावे मागतात. इथे 366 दिवस राहिल्याचे. सोपं वाटतं ना? पण नुसतं राहून भागत नाही. कायमचं इथेच राहायचं आहे, हे पटवून द्यावं लागतं. उन्हाळ्याची सुट्टी आईवडिलांकडे काढली, तर तेवढ्यावरून शंका निघते. त्यातून वय 24 च्या आत आणि आईवडील राज्याबाहेर असतील, तर दोन वर्षं स्वतःच्या पैशावर जगल्याचं दाखवा. वडिलांनी कर भरताना तिला अवलंबून दाखवलं असेल, तर खेळ खलास. आणि एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर पुण्याहून आलेल्याला तर चार वर्षं राहूनही रहिवासी होता येत नाही.

(दृश्य : जुनं चित्रण, व्हीलर हॉलबाहेरची गर्दी, नोव्हेंबर 2009)
मंदीत राज्याने हात आखडला. रीजेंट्सनी फी 32 टक्क्यांनी वाढवली, आणि मुलांनी ही इमारत दिवसभर ताब्यात ठेवली. 2011 मध्ये मुलांच्या फीची रक्कम पहिल्यांदाच सरकारी अनुदानाच्या पुढे गेली. मग बाहेरची मुलं हवीहवीशी झाली. इतकी, की स्थानिक पालक ओरडू लागले. 2017 मध्ये बाहेरच्या मुलांच्या संख्येवर मर्यादा आली. 2021 मध्ये विद्यापीठाच्या बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो या शाखांत त्यांचं प्रमाण 18 टक्क्यांपर्यंत उतरवायचं ठरलं, आणि बुडणारं उत्पन्न भरून द्यायचं राज्य सरकारने कबूल केलं. बाहेरचा विद्यार्थी म्हणजे किती पैसे, हे यातून सरकारनेच सांगून टाकलं.

बाहेरच्यांपैकी काही जण कर्ज काढतात, काही मध्येच परत जातात.

(दृश्य : पावती फाइलमध्ये, फाइल कपाटात. फोनचा पडदा उजळतो)
सुट्टी तीन आठवड्यांवर आलीय. आईचा मेसेज आहे : घरी कधी येतेस?