डेव्हिमिस्टॅट: १८ पेशंट आणि मग ५२८

स्क्रीनवर जो रेणू दिसतोय ना, त्याचं नाव डेव्हिमिस्टॅट, कॅन्सरवरचं औषध म्हणून तपासलेला, आधी याला नुसतं सीपीआय-६१३ म्हणायचे. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात पॉल बिंगहॅम आणि झुझाना झाकर यांच्या कामातून हा निघाला. आता जरा जवळून बघू. आपल्या शरीरात लायपोइक ॲसिड असतं, त्याच्या टोकाला गंधकाचे दोन अणू, आणि मायटोकॉन्ड्रियातलं, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरातलं, पायरुव्हेट डिहायड्रोजनेज हे एन्झाइम साखरेतून आलेला दोन कार्बनचा तुकडा याच गंधकावर चढवून पुढे देतं. डेव्हिमिस्टॅटमध्ये त्या दोन्ही गंधकांना बेंझिल गट, म्हणजे कार्बनच्या कड्याचे तुकडे, चिकटवलेत. एन्झाइम कधी चालू ठेवायचं, कधी बंद, हे ठरवणारी यंत्रणा लायपोइक ॲसिडची अवस्था बघत असते, तिला या नकली रेणूमुळे चुकीचा निरोप जातो आणि ती एन्झाइम बंदच करून टाकते. जोडीला अल्फा-कीटोग्लुटरेट डिहायड्रोजनेज या तिथल्याच दुसऱ्या एन्झाइमवरही मारा. कॅन्सर पेशीत ही यंत्रणा वेगळी वागते, म्हणून फटका तिलाच जास्त बसेल, असा हिशोब होता.

नॉर्थ कॅरोलायनातल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठात पसरलेल्या स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या पेशंटना हे शिरेतून दिलं, सोबत फोलफिरिनॉक्स ही जड केमो, पण कमी डोसात. ठरलेला डोस मिळालेल्या १८ पैकी ११ जणांच्या गाठी बऱ्याच आटल्या, त्यातल्या ३ जणांच्या स्कॅनवर तर काही दिसेना! ६१ टक्के. २०१७ ला लॅन्सेट ऑन्कॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. फोलफिरिनॉक्सचा एकट्याचा आकडा २०११ च्या मोठ्या ट्रायलमध्ये ३२ टक्क्यांच्या आसपास होता, त्यामुळे ज्यांच्या घरात हा आजार येऊन गेलाय त्यांना ६१ वाचून काय वाटलं असेल ते वेगळं सांगायला नको.

पण त्या १८ जणांच्या शेजारी नुसती केमो घेणारा दुसरा गट नव्हताच, आणि १८ जणांत दोन-चार पेशंट इकडचे तिकडे झाले की टक्केवारी कुठल्या कुठे जाते.

म्हणून मग ॲव्हेंजर ५०० ही ट्रायल, ५२८ पेशंट, कोण कुठल्या गटात ते कॉम्प्युटर ठरवणार, एका गटाला डेव्हिमिस्टॅट आणि कमी डोसची केमो, दुसऱ्याला नेहमीची. ऑक्टोबर २०२१ ला कळलं की जमलं नाही. मिडियन आयुष्य, म्हणजे निम्मे पेशंट जिथवर जगले तो आकडा, नव्या औषधाच्या गटात ११.१ महिने, नेहमीच्या केमोवर ११.७. रक्ताच्या कॅन्सरसाठी चाललेली दुसरी मोठी ट्रायलही त्याच सुमारास थांबवली.

वाईट वाटतंच, पण हे ५२८ जण उभे राहिले नसते तर पुढच्या हजारो पेशंटना डॉक्टर ६१ टक्के सांगत राहिले असते, त्यांचे उपकार खरंच मोठे आहेत.

आणि एन्झाइमवर नेम धरायची कल्पना काही संपली नाही. आयव्होसिडेनिब या रक्ताच्या कॅन्सरवरच्या औषधाला २०१८ ला अमेरिकेत मंजुरी मिळाली, तेही एन्झाइमच अडवतं, पण आयडीएच१ या एन्झाइमचं बिघडलेलं रूप, जे कॅन्सर पेशीत सापडतं, निरोगी पेशीत नाही. पायरुव्हेट डिहायड्रोजनेज मात्र हृदयाला, मेंदूला, सगळ्यांनाच लागतं. मला वाटतं डेव्हिमिस्टॅटची खरी अडचण इथंच होती.