थेंबभर तेल, थाळीभर जिवाणू

(पंचवटी, नाशिक. काष्ठौषधीचं दुकान.)

गंगेवरून, म्हणजे गोदावरीवरून, वर पंचवटीत आलं की काष्ठौषधीच्या दुकानाचा पत्ता नाकच सांगतं. वेखंड, वावडिंग, नागरमोथा, ज्येष्ठमध. आपल्याला थांबायचंय ओव्याच्या पोत्यापाशी. नाशिकच्या थंडीत पोराची छाती भरली की ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकायची, बाळंतिणीच्या खोलीत ओवा-शेपांची धुरी करायची, हे घरोघरी चालत आलंय. धूर तान्ह्या बाळाच्या फुप्फुसाला बरा नाही, हेही इथंच सांगून टाकू. पण त्या उग्र वासानं जंतू खरंच मरतात का?

(प्रयोगशाळा.)

गोल बुडाच्या चंबूत भरडलेला ओवा आणि पाणी. वर क्लेव्हेंजरचं काचेचं उपकरण. पाणी उकळलं की वाफ ओव्यातलं तेल सोबत घेऊन वर चढते, कंडेन्सरमध्ये थंड होते आणि दोन्ही थेंबाथेंबानं खाली येतात. पाणी चंबूत परततं. तेल हलकं, ते मोजनळीत पाण्यावर तरंगत राहतं. काही तास तापवल्यावर शंभर ग्रॅम ओव्यातून निघतं साधारण 2 ते 4 मिलिलिटर. तुळशीच्या ओल्या पानांतून तर 1 टक्कासुद्धा नाही. तेव्हा ‘शुद्ध तुळस तेला’ची मोठी बाटली स्वस्तात मिळाली, तर घेण्याआधी जरा विचार करा.

ओव्याच्या तेलातला मुख्य ऐवज म्हणजे थायमॉल. दुकानदार त्यालाच ओव्याचं फूल म्हणतो. कापूर आणि पेपरमिंटच्या स्फटिकांसोबत ते बाटलीत ठेवलं, की पाण्याचा थेंब न घालता तिन्ही पातळ होतात. हीच ती अमृतधारा. पहिल्या महायुद्धाआधी हिंदुस्थानातला ओवा जहाजानं जर्मनीला जायचा आणि थायमॉल तिकडे काढलं जायचं. 1914 साली ती वाट बंद झाली.

नाशिकला लागूनच खानदेश. तिथल्या पिंपळनेरच्या डोंगरांत एकोणिसाव्या शतकात रोशा या सुगंधी गवताचं तेल काढायच्या भट्ट्या लागत. ते तेल मुंबईमार्गे तुर्कस्तानात जाई आणि गुलाबाच्या अत्तरात भेसळ म्हणून खपे. भेसळ पचायची, कारण गुलाबात असतं तेच जिरॅनिऑल नावाचं सुगंधी द्रव्य रोशात भरपूर असतं. हे जिरॅनिऑलही जिवाणूंना मारक आहे. भेसळ करणाऱ्यांना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, हा भाग वेगळा.

(आगारच्या थाळ्या, जवळून.)

आता खरी परीक्षा. आगार म्हणजे जिवाणू वाढवायची जेली. तिच्या थाळीवर कापसाच्या बोळ्यानं स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू पसरलाय. गळू, केसतूड होतं ते बहुधा याच्यामुळे. मधोमध 6 मिलिमीटरची कागदी चकती, तिच्यावर ओव्याचं तेल. शेजारी नुसत्या द्रावकाची, म्हणजे तेल ज्यात विरघळवतात त्या द्रवाची चकती, तुलनेसाठी. थाळी रात्रभर 37 अंशांवर.

सकाळी सगळ्या थाळीवर दुधाळ साय धरलेली असते. तेलाच्या चकतीभोवती मात्र स्वच्छ, पारदर्शक गोल. द्रावकाच्या चकतीला साय अगदी कडेपर्यंत भिडलेली. थायमॉल जिवाणूच्या स्निग्ध आवरणात शिरतं, आवरण गळू लागतं, आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि पेशीची ऊर्जा आटते.

दुसऱ्या थाळीत ई. कोलाय. गोल लहान. तिसरीत स्यूडोमोनास, गोल जेमतेम. 1884 साली ख्रिश्चन ग्राम यांनी शोधलेल्या रंगपद्धतीनं जिवाणूंचे दोन गट पडतात. हे दोघे ग्राम-निगेटिव्ह. त्यांना बाहेरून आणखी एक आवरण असतं, तेलाला ते सहसा दाद देत नाही. त्यात स्यूडोमोनास तर आत शिरलेलं औषधही पंपानं बाहेर फेकतो.

गोल मोठा म्हणजे तेल जालीम, असं मात्र समजू नका. तेल पाण्यात मिसळत नाही, आगारमध्ये नीट पसरत नाही, वर उडूनही जातं. एका चकतीची वाफ शेजारच्या चकतीचा निकाल बिघडवते. म्हणून पुढची चाचणी द्रवात घेतात: तेल निम्मं-निम्मं पातळ करत जायचं आणि वाढ कुठपर्यंत थांबते ते पाहायचं. त्यातही तुळस कुठली, कधी तोडली, यावर तेलातलं युजेनॉल हे जिवाणूंना मारक द्रव्य कमी-जास्त होतं.

आणि थाळीत चाललं म्हणून पोटात घ्यायचं नाही. जिवाणू मारायला लागते तेवढी मात्रा रक्तात नेणं माणसाला सोसणारं नाही. नीलगिरीचं तेल थोडंसं जरी लहान मुलाच्या पोटात गेलं तरी झटके येऊ शकतात, कापराचंही तसंच. त्वचेवर निर्भेळ तेल लावलं तर आग होते, कधी फोडही येतात.

(दातांचा दवाखाना.)

या तेलांना कायमचं काम मिळालंय ते शरीराच्या दाराशी. थायमॉल गुळण्यांच्या औषधात. लवंगेतलं युजेनॉल दातांच्या डॉक्टरांकडे: काचेच्या पट्टीवर झिंक ऑक्साइडची पांढरी भुकटी, तिच्यात युजेनॉलचे थेंब, पात्यानं घोटून घट्ट गोळा. किडलेल्या दातात तात्पुरतं भरायला तो आजही वापरतात. ठणका कमी होतो, जिवाणूंनाही आळा बसतो. पुढच्या भेटीत डॉक्टर तो काढतात आणि पक्कं भरतात.