टोकियोत जपानीची पुस्तकं घ्यायचीत? आधी कपाट बरोबर आहे ना ते बघा!

नमस्कार मंडळी!

येन उतरल्यापासून आपल्यातले बरेच जण टोकियोला जाऊन येतायत, आणि माझ्याकडे एकच प्रश्न पुन्हापुन्हा येतोय. "ताई, जपानी शिकायची पुस्तकं तिथे कुठे मिळतील?"

दुकानांची नावं एका दमात सांगून टाकते, कारण ती मॅपवर कुणालाही सापडतात. शिंजुकूला किनोकुनिया. टोकियो स्टेशनच्या मारुनोउची बाजूला, ओआझो नावाच्या इमारतीत मारुझेन. इकेबुकुरोला जुंकुदो, चांगलं नऊ मजली. जुन्या पुस्तकांसाठी जिंबोचो. आणि खास जपानी शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांसाठीचं दुकान म्हणजे कोजिमाची भागातलं बोन्जिन्शा. हे दुकान इतरांसारखं रात्रीपर्यंत उघडं असेल असं धरून चालू नका, वेबसाइटवर वेळ बघूनच निघा.

"सगळ्यात स्वस्त कुठे?" हेही बरेच जण विचारतात. जपानमध्ये नव्या पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि ती सगळ्या दुकानांत सारखीच असते. मागच्या बाजूला छापलेल्या किमतीवर बहुतेक वेळा १० टक्के कर वेगळा लागतो. त्यामुळे नव्या पुस्तकासाठी चार दुकानं पालथी घालू नका.

आता खरा मुद्दा. दुकान सापडतं हो, कपाट सापडत नाही! लोक आठ मजले चढतात-उतरतात आणि रिकाम्या हाताने परत येतात. किंवा, आणखी वाईट, चुकीचं पुस्तक घेऊन येतात.

[स्क्रीनवर दोन पाट्या: निहोंगो आणि कोकुगो]

या दोन पाट्या नीट बघा. दोन्हींचा अर्थ एका परीने 'जपानी भाषा' असाच आहे आणि दोन्हींचं शेवटचं अक्षर एकच आहे. पण कोकुगो म्हणजे जपानी मुलं शाळेत शिकतात तो विषय, आपल्याकडे मराठी माध्यमात 'मराठी' असतो तसा. तिथे निबंधलेखन, जुनं साहित्य, शाळेचे स्वाध्याय अशी पुस्तकं असतात. आपल्यासाठीचा शब्द निहोंगो. अक्षर ओळखायची खूण सांगते. निहोंगोचं पहिलं अक्षर म्हणजे साधी उभी चौकट, मध्ये एक आडवी रेघ. कोकुगोचं पहिलं अक्षर म्हणजे मोठी चौकट आणि आत भरगच्च रेघा. भरगच्च चौकट दिसली की पुढे चला.

आणि कुणाला विचारताना नुसतं "निहोंगो नो होन" म्हणू नका. त्याचा अर्थ 'जपानी भाषेतलं पुस्तक'. अहो, त्या दुकानातली जवळपास सगळीच पुस्तकं जपानी भाषेतली आहेत! बिचारा कर्मचारी काय दाखवणार? असं विचारा: "गाइकोकुजिन नो तामे नो निहोंगो नो होन वा दोको देसु का?" म्हणजे 'परदेशी लोकांसाठीची जपानीची पुस्तकं कुठे आहेत?' त्यातला 'गाइकोकुजिन नो तामे नो' हा तुकडा अजिबात गाळू नका.

बरं, निहोंगोची पाटी सापडली म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. पाटीवर पुष्कळदा 'निहोंगो क्योइकु' असतं. क्योइकु म्हणजे शिक्षण. या कपाटात शिकणाऱ्यांची आणि शिकवणाऱ्यांची पुस्तकं खेटून उभी असतात. माझ्या पहिल्या खेपेला मी इथेच फसले. मुखपृष्ठावर ओळखीच्या पाठ्यपुस्तकाचं नाव, जाडजूड, देखणं. खूश होऊन घेतलं. मुक्कामी येऊन उघडलं तर ते शिक्षकांसाठीचं मार्गदर्शक! कुठला पाठ वर्गात कसा घ्यायचा, कुठला प्रश्न आधी विचारायचा, सगळं जपानीत, आणि मी तेव्हा जेमतेम एन४, म्हणजे जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची खालून दुसरी पातळी, पास झालेली. दुसऱ्या दिवशी सकाळची फ्लाइट. फार वाईट वाटलं होतं. म्हणून कळकळीने सांगते, मुखपृष्ठावर 'क्योशी' हा शब्द शोधा. क्योशी म्हणजे शिक्षक. तो दिसला तर पुस्तक परत जागेवर ठेवा.

याच्याच जोडीचा एक खड्डा 'मिन्ना नो निहोंगो' हे पाठ्यपुस्तक घेणाऱ्यांसाठी. त्याचं मुख्य पुस्तक पूर्ण जपानीत आहे. शब्दार्थ आणि व्याकरणाचं स्पष्टीकरण वेगळ्या पुस्तकात येतं आणि ते प्रत्येक भाषेचं वेगळं असतं. घाईत उचललं तर इंग्रजीऐवजी कोरियन हातात येईल.

आता कपाटाचीच गोष्ट तिसऱ्या बाजूने. "ताई, भाषांच्या मजल्यावर गेलो, नुसती इंग्रजी शिकायची पुस्तकं!" अशा कमेंट्स मला नेहमी येतात. बरोबर आहे. तो मजला जपानी लोकांसाठी आहे, त्यांना इंग्रजी शिकायचंय. आपली पुस्तकं कधी तिथल्या एका कोपऱ्यात असतात, तर कधी थेट परदेशी पुस्तकांच्या विभागाला लागून, कारण परदेशी गिऱ्हाईक तिकडेच येतं. मारुझेनमध्ये चौथ्या मजल्यावर परदेशी पुस्तकं आहेत, सुरुवात तिथून करा. शिंजुकूत तर किनोकुनियाची दोन दुकानं आहेत. पूर्वेकडचं मुख्य दुकान, आणि दक्षिणेला ताकाशिमाया टाइम्स स्क्वेअरच्या बाजूच्या इमारतीत, सहाव्या मजल्यावर, परदेशी पुस्तकांचं. शिकणाऱ्याने आधी दक्षिणेकडच्या दुकानात जावं असं माझं मत आहे.

नेमकं पुस्तक ठरलेलं असेल तर आणखी सोपं. मागच्या बाजूचा १३ आकडी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, मोबाईलवर दाखवा, कर्मचारी कपाटापर्यंत नेऊन सोडतात. जपानी पुस्तकांचा नंबर ९७८-४ ने सुरू होतो.

आता ज्या सल्ल्यावरून मला खरंच राग येतो तो. "लहान मुलांची पुस्तकं घ्या, सोपी असतात." कोण पसरवतं हे? पाच वर्षांच्या जपानी मुलाला हजारो शब्द ऐकून माहीत असतात, त्याला फक्त अक्षरं शिकायची असतात. आपलं नेमकं उलटं. शिवाय सगळं हिरागानात, म्हणजे नुसता उच्चार दाखवणाऱ्या लिपीत असल्यामुळे कांजीवरून, म्हणजे चिनी अक्षरांवरून, अर्थाचा अंदाज बांधता येत नाही. शाळेच्या कांजीच्या वह्यांचंही तसंच. पहिलीच्या ८० कांजी गिरवायला छान, पण अर्थ दिलेले नसतात, कारण मुलाला ते आधीच ठाऊक असतात. त्यापेक्षा 'तादोकु' म्हणून विचारा. शिकणाऱ्यांसाठी पातळीनुसार लिहिलेल्या छोट्या गोष्टी मिळतात. पंधरा मिनिटांत एक पूर्ण गोष्ट जपानीत वाचून संपवण्याचा आनंद काय असतो, तो एकदा घेऊनच बघा.

जिंबोचोला मात्र जाच. यासुकुनी दोरी रस्त्याच्या दक्षिण बाजूला जुन्या पुस्तकांची दुकानं ओळीने आहेत, उत्तरेकडे तोंड करून, म्हणजे पुस्तकांवर ऊन येत नाही. मला तर त्या रस्त्यावर दिवस पुरत नाही. फक्त जेएलपीटीची जुनी पुस्तकं घेताना साल बघा. २००९ पर्यंत परीक्षेला चारच पातळ्या होत्या. २०१० पासून एन१ ते एन५ अशा पाच झाल्या आणि एन३ मध्येच नवीन आली. मुखपृष्ठावर 'एन' नसून नुसता आकडा आणि 'क्यू' असेल, तर ते जुन्या परीक्षेचं पुस्तक. शब्द आणि वाचनासाठी घ्या हवं तर, पण प्रश्नांचा सराव त्यावर करू नका.

आणि हो, दुकानात पुस्तकाच्या पानांचे फोटो काढू नका. तिथे ते चोरीसारखं मानतात. उभ्याउभ्या दोन-चार पानं चाळलीत तर चालतं.

बोन्जिन्शा आणि जिंबोचो एकाच दिवशी होतात. हानझोमोन स्टेशनवरून हानझोमोन लाइन पकडा, दुसरं स्टेशन जिंबोचो.

ते वाक्य परत स्क्रीनवर ठेवते, स्क्रीनशॉट काढून घ्या. माझ्यामागून म्हणा: गाइकोकुजिन नो तामे नो... निहोंगो नो होन वा... दोको देसु का?