खाडा

(दृश्य: स्वयंपाकघराची भिंत. खिळ्याला टांगलेलं कॅलेंडर. पंख्याच्या वाऱ्यानं पान हलतंय.)

सांगलीचा गावभाग. हे आमचं घर, आणि हे आईचं कॅलेंडर. तारखांचे चौकोन जरा जवळून बघा. ४, ५ आणि १९ तारखेला पेन्सिलीनं एकेक गोल केलाय. गोल म्हणजे दुधाचा खाडा. ४ आणि ५ ला सगळे नरसोबाच्या वाडीला मुक्कामी होते. १९ ला गवळ्याची मोटरसायकल बंद पडली. महिनाअखेरीला गवळी दारात उभा राहतो, आई खिळ्यावरून कॅलेंडर काढून आणते आणि तीन दिवसांचे पैसे वजा होतात. वाद नाही, रुसवा नाही. त्याच्याही वहीत तेच तीन खाडे असतात.

२३ तारखेला नुसतं ‘गॅस’ लिहिलंय. त्या दिवशी नवी टाकी लावली. मागची पानं उलटली की कळतं, १४.२ किलोची टाकी या खेपेला ४१ दिवस गेली. पाहुणे होते तेव्हा ३३.

भांडी घासायला येणाऱ्या मावशींचे खाडेही इथं आहेत, पण त्यांचे पैसे कापायचे नाहीत, हा आईचा नियम. “तिच्या घरातपण महिना असतोच की.”

(दृश्य: अण्णांचा मोबाईल, शेजारी चष्म्याचं घर.)

अण्णांची पेन्शन १ तारखेला जमा होते. मागच्या उन्हाळ्यात ती २५ तारखेलाच संपायला लागली. महागाई, असं अण्णांचं निदान. आईला ते पटेना. “किराणा तेवढाच आहे, मग पैसं जातंय कुठं?” एका रविवारी पासबुक भरून आणलं, आणि आम्ही तिघं एकेक ओळ वाचायला बसलो.

दर महिन्याच्या ७ तारखेला २९९ रुपये. कसले? कुणालाच आठवेना. बऱ्याच वेळानं उलगडा झाला. नातवाला इंग्रजी बोलायला शिकवणारं कुठलंसं ॲप होतं. पोरानं चार दिवस बघितलं, कंटाळला, अण्णांनी ते फोनवरून काढून टाकलं. ॲप गेलं, पैसे जायचे थांबले नाहीत. २४ महिने. ७,१७६ रुपये.

आईनं तो आकडा कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहिला आणि विचारलं, “मग ह्याचा खाडा कुठं मांडायचा?”

अण्णा गप्प. मीही गप्प. तेव्हाच हे चित्रीकरण करायचं ठरलं.

रतीब तोही आणि हाही. पण दूध नाही आलं तर सकाळच्या चहालाच कळतं. फोनमधला रतीब असा, की दूध घेतलं काय, ओतून दिलं काय, गवळी पैसे नेणारच, आणि दारही वाजवणार नाही. ॲप काढून टाकलं म्हणजे वर्गणी बंद झाली, असं होत नाही. यूपीआयवरून परवानगी दिली असेल, तर यूपीआय ॲपमधल्या ‘ऑटोपे’त जाऊन ती रद्द करावी लागते. कार्डावरून दिली असेल, तर बँकेकडून किंवा त्या सेवेच्या खात्यात शिरून. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं. अण्णांच्या फोनमध्ये ते मेसेज सापडलेही. इंग्रजीत, प्लॉटच्या आणि कर्जाच्या जाहिरातींच्या मध्ये दबलेले.

त्या दिवशी ‘ऑटोपे’त पाच नावं निघाली. तीन बंद केली. क्रिकेटचं चालू ठेवलं. त्यावर चर्चाच झाली नाही.

मोबाईलच्या रिचार्जची गोष्ट वेगळी. तिथं महिनाच २८ दिवसांचा. म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. आमच्या घरात चार फोन, म्हणजे चार रिचार्ज जास्तीचे. ३० दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेचा, असे निदान एकेक प्लॅन प्रत्येक कंपनीनं ठेवावेत, असा आदेश ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, २०२२ साली काढला. ते स्वस्तच पडतात असं नाही. पण आईच्या कॅलेंडरशी जुळतात, आणि आमच्याकडे त्याला किंमत आहे.

(दृश्य: जिन्याखालचा मीटर. अण्णा बॅटरी मारून वाचतायत.)

अण्णांचा जीव लाईट बिलात. १०० युनिटच्या पुढं गेलं की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो, अशी त्यांची कित्येक वर्षांची समजूत. त्यामुळं ९५ च्या पुढं मीटर गेला की घरात अंधार. आई म्हणायची, “अहो, मी भाकरी चाचपून थापू काय?” खरं तर वरचा दर फक्त १०० च्या पुढच्या युनिटना लागतो. तो साधारण दुप्पट आहे, हे खरं. वर १६ टक्के वीज शुल्क. तेव्हा दिव्याच्या मागं लागण्यापेक्षा पंख्याकडं बघितलं. जुना पंखा ७५ वॅटचा. दिवसाला १६ तास फिरला तर महिन्याला ३६ युनिट. नवा, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास, म्हणजे १४ ते १५ युनिट. सोप्यातला पंखा बदलला. अण्णा अजूनही मीटर वाचतात, पण आता दिवे लावून.

(दृश्य: फडताळातला पितळी डबा.)

या डब्याला आमच्यात चटणीचा डबा म्हणतात. आत चटणी नसते, पैसे असतात. एप्रिलमध्ये वर्षाची चटणी होते. मिरच्या, धणे, खोबरं, लसूण, कांडपाची मजुरी. फेब्रुवारी-मार्चला नवी हळद. त्यातच घरपट्टी आणि विम्याचा हप्ता. वर्षातून एकदाच येणारे हे खर्च, पण येतात तेव्हा तो महिना आडवा करतात. आई त्या सगळ्याचा बारावा हिस्सा दर महिन्याला या डब्यात टाकते. एप्रिलला आमच्याकडे ठसका फक्त मिरचीचा.

(दृश्य: आयर्विन पूल. खाली कृष्णा, संथ.)

सांगलीच्या माणसाला दोन आकडे पाठ असतात. आयर्विन पुलाजवळ ४० फूट, इशारा पातळी. ४५ फूट, धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पावसाळ्यात इथं कुणी “कसे आहात?” विचारत नाही. “किती फूट?” विचारतात.

अण्णांनी हेच माप घरखर्चाला लावलं. एक फूट म्हणजे ५०० रुपये. २० हजारांवर इशारा, साडेबावीसवर धोका. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्यांनी पट्टीनं रेघा मारल्यात, अगदी पुलाच्या खांबावर असाव्यात तशा. दर रविवारी आई बेरीज सांगते आणि अण्णा पेन्सिलीनं पाणी चढवतात. बहिणीचं बाळंतपण झालं त्या महिन्याला रेघ कागदाच्या बाहेर गेली होती. कुणी काही बोललं नाही. पूर आला की आधी माणसं बघायची.

(दृश्य: महिन्याचा शेवटचा रविवार. आई हिशेब करतेय. बाहेर रिमझिम.)

“किती फूट?”

“अडतीस.”

“मग उतरलं म्हणायचं.”

“उतरतंय कुठलं! अजून गणपती यायचेत, अहो.”